इंधन महागते तेव्हा भार कोणी उचलावा?

उजळाईवाडीच्या माळावरून विमान झेपावताना दिसले की कोल्हापूरकराची मान आजही क्षणभर वर वळते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, येथे विमानतळ सुरू झाला. आज आपल्या जिल्ह्यातील तरुण-तरुणी वैमानिक, अभियंते आणि केबिन कर्मचारी होण्याचे स्वप्न पाहतात. वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा खर्च मोठा असल्यामुळे अनेक आई-वडील त्यासाठी कर्ज काढतात. परंतु आकाशातील हा व्यवसाय जमिनीखालच्या तेलावर अवलंबून आहे. भारतात विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो. विमानाचे इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्ये मूल्यवर्धित कर लावतात. त्यामुळे तेलाचा भाव चढला की कंपनीचा हिशेब डळमळतो आणि पहिली कुऱ्हाड बहुधा कर्मचाऱ्यावर कोसळते. अशा वेळी इस्लामची शिकवण काय आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

मुंबईतील दोन प्रसंग

जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत पोहोचला. पुढे जागतिक मंदीमुळे प्रवासी घटले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मुंबईच्या जेट एअरवेजने सुमारे ८०० कर्मचाऱ्यांना अचानक कामावरून कमी केले. त्यांत बहुतेक केबिन कर्मचारी होते, आणि कपातीचा एकूण आकडा १,९०० पर्यंत जाणार असल्याचे सांगण्यात आले. विशेष हे की, तोपर्यंत तेलाचा भाव उन्हाळ्यातील उच्चांकाच्या निम्म्यापर्यंत खाली आला होता. गणवेशातील तरुण मुंबईच्या रस्त्यावर उतरले. दुसऱ्याच दिवशी कंपनीचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी जाहीर क्षमा मागून निर्णय मागे घेतला.

दुसरा प्रसंग दहा वर्षांनंतरचा. २०१८ मध्ये तेल पुन्हा महागले, रुपया घसरला आणि स्पर्धेमुळे तिकिटाचे दर वाढविता येईनात. वैमानिकांचे वेतन थकू लागले. २५ मार्च २०१९ रोजी गोयल संचालक मंडळातून पायउतार झाले आणि १७ एप्रिलला कंपनीच्या शेवटच्या विमानाने उड्डाण केले. हजारो कुटुंबांचा आधार गेला. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांसाठी कर्मचाऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला.

कोणा एका व्यक्तीवर दोषारोप करणे हा येथे हेतू नाही. अंतःकरणाचा निवाडा अल्लाहकडे आहे. आपल्याला या प्रसंगांतून बोध घ्यावयाचा आहे.

नफा ज्याचा, तोटा त्याचा

इस्लामी विधिशास्त्रात ‘अल्‌-गुन्म बिल्‌-गुर्म’ हा प्रसिद्ध नियम आहे. ज्याला लाभाचा अधिकार, त्याच्यावरच हानीचा भार, असा त्याचा आशय. मुदारबा या भागीदारीत एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असतात. तेथे श्रम करणाऱ्याची कसूर नसेल, तर पैशाचा तोटा भांडवलदार सोसतो. नफ्यात वाटा असलेल्या भागीदाराबाबत जर हा नियम आहे, तर ज्याला नफ्यात वाटाच नाही त्या पगारदारावर तोटा कसा लादता येईल?

फुकहांनी पगारी नोकराला ‘अजीर-ए-खास’ म्हटले आहे. ठरलेल्या वेळेत तो कामासाठी हजर राहिला की त्याचा मोबदला देय होतो, मग मालकाने त्याला काम दिलेले असो वा नसो. विमान इंधनाअभावी धावपट्टीवर उभे राहिले, म्हणून गणवेश चढवून तयार बसलेल्या वैमानिकाचे वेतन नाहीसे होत नाही.

थकलेले वेतन हे कर्ज आहे

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. बुखारी यांनी नोंदविलेली एक हदीस तर अंगावर काटा आणते. पुनरुत्थानाच्या दिवशी ज्या तीन माणसांविरुद्ध स्वतः अल्लाह वादी असेल, त्यांत मजुराकडून पुरते काम घेऊन मजुरी न देणारा एक आहे.

येथे एक शंका उद्भवते. मालक खरोखरच अडचणीत असेल तर? दिव्य कुरआनने तंगीत सापडलेल्या ऋणकोला सवड देण्याचा आदेश दिला आहे (२:२८०). ही सवलत मालकालाही लागू आहे. परंतु तिच्या मर्यादा नीट समजून घ्याव्यात. सवड मिळते, कर्ज मिटत नाही. आणि ऐपत असताना देणे लांबविणे हा जुलूम असल्याचे प्रेषितांनी (सल्ल.) स्पष्ट केले आहे. म्हणून जो मालक सवड मागतो, त्याने हिशेबाची वही उघडी ठेवावी. संचालकांचे भत्ते आणि भागधारकांचा लाभांश चालू आहे, फक्त पगार थांबले आहेत, अशा स्थितीत ‘आम्ही अडचणीत आहोत’ हे विधान साक्षीवाचून मान्य होणार नाही.

सुबत्तेतील नियोजन

तेल महागले हा व्यवस्थापनाचा गुन्हा नाही. परंतु तेल महागू शकते, हे माहीत असूनही तरतूद न करणे ही त्याची कसूर आहे. हजरत यूसुफ (अलै.) यांचा वृत्तांत आठवा. सात वर्षांच्या सुबत्तेत त्यांनी धान्य कणसातच राखून ठेवावयास सांगितले, जेणेकरून पुढील सात वर्षांचा दुष्काळ निभावता यावा (१२:४७-४८). कोठाराची जबाबदारी मागताना त्यांनी आपले दोन गुण सांगितले: रक्षण करण्याची वृत्ती आणि ज्ञान (१२:५५). व्यवस्थापकाची पात्रता याच दोन गुणांत सामावली आहे. तेल स्वस्त असताना नवनवी विमाने व मार्ग यांच्या मागे धावून गंगाजळी रिकामी करणे आणि भाव चढताच कर्मचाऱ्यांकडे बोट दाखविणे, यात रक्षणही नाही आणि ज्ञानही नाही.

संकटात पुढारी प्रथम

हिजरी १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. इतिहासात ते वर्ष ‘आमुर्रमादा’, म्हणजे राखेचे वर्ष, म्हणून ओळखले जाते. खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना मिळू लागेपर्यंत तूप वर्ज्य केले. तेल-भाकरीवर राहून त्यांच्या चेहऱ्याचा वर्ण पालटला, असे इतिहासकार सांगतात. खलीफाच्या ताटातील तुपाने दुष्काळ हटणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. परंतु ज्याच्या हाती निर्णय आहे, त्याने झळ आधी सोसली पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखविले. प्रत्येक जण राखणदार असून त्याला आपल्या आश्रितांविषयी विचारले जाईल, या प्रेषितवचनाचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही.

कपात अटळ ठरली तर

इस्लामने नोकरकपात सरसकट निषिद्ध ठरविलेली नाही. कराराची मुदत संपते, व्यवसाय बंदही पडतो. प्रश्न रीतीचा आहे. सूरह अल-कसस (२८:२७) मध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या नोकरीचा करार वर्णिलेला आहे. ते तेव्हा परमुलखातील निराधार होते. तरीही त्यांना कामावर ठेवणाऱ्या वृद्धाने मुदत आधीच स्पष्ट केली: आठ वर्षे बंधनकारक, पुढील दोन ऐच्छिक. शिवाय आपण तुम्हाला अडचणीत टाकू इच्छीत नाही, अशी ग्वाही दिली. दुर्बलाशी करार करताना सबलाने कसे वागावे, याचा हा आदर्श आहे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडू इच्छिणाऱ्या मुख्य वैमानिकाने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी सूचना द्यावयाची असते. प्रवाशांच्या सोयीसाठी हे बंधन योग्यही असेल. परंतु जो मालक जाणाऱ्याकडून वर्षाची सूचना मागतो, त्यानेच काढताना एका संध्याकाळी निरोप धाडावा काय? घेताना माप भरून घेणाऱ्या आणि देताना कमी मोजणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभीच विनाशाची ताकीद दिली आहे. माप केवळ धान्याचे नसते.

म्हणून कपात करण्यापूर्वी सल्लामसलत व्हावी (४२:३८), पुरेशी सूचना मिळावी, सर्व देणी चुकती व्हावीत आणि वरच्यांचे उत्पन्न आधी घटावे. वैमानिकाचीही जबाबदारी आहे. करार पाळण्याचा आदेश (५:१) उभयतांना आहे. हक्कासाठी सनदशीर मार्गाने लढावे, मात्र शेकडो प्रवाशांचे प्राण ही अमानत आहे, हे क्षणभरही विसरू नये.

आपला हिशेब

वाचक बंधुभगिनींनो, विमान कंपनी आपल्यापैकी कोणाची नाही. परंतु इचलकरंजीत यंत्रमाग आहेत, शिरोलीत व गोकुळ शिरगावात कारखाने आहेत, गल्लोगल्ली दुकाने आहेत. सूत महागते, विजेचे दर वाढतात, मागणी थंडावते. तेव्हा आपण पहिली कात्री कोठे लावतो? घरातील लग्नाच्या खर्चाला की मागावरील कामगाराच्या आठवड्याच्या पगाराला?

गुहेत अडकलेल्या तिघांची हदीस आपण ऐकली आहे. त्यांपैकी एकाचा मजूर मजुरी न घेताच निघून गेला होता. मालकाने ती मजुरी गुंतवून वाढविली आणि तो परतल्यावर उभा राहिलेला सारा कळप त्याच्या स्वाधीन केला. त्या कर्माचा हवाला देऊन त्याने दुआ मागितली, आणि गुहेच्या तोंडावरील शिळा सरकली. आपल्या वाटेवर संकटाची शिळा येऊन पडेल, तेव्हा असे एखादे कर्म आपल्या पदरी असेल काय?

अल्लाह आपणा सर्वांना इतरांचे हक्क वेळेवर चुकते करण्याची सद्बुद्धी देवो आणि ज्यांची रोजी हिरावली गेली त्यांच्यासाठी उत्तम मार्ग खुला करो. आमीन.