‘वसई रोड’ आणि विरारचे नवे स्टेशन

पश्चिम रेल्वेच्या स्टेशनांच्या पाट्या लक्षपूर्वक वाचीत गेले असता काही नावांच्या शेवटी ‘रोड’ हा शब्द आढळतो. ग्रँट रोड व चर्नी रोड ही नावे मुंबईतील प्रत्यक्ष रस्त्यांची आहेत. त्यांचा येथे विचार नको. पण मीरा रोड, वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड ही नावे निराळ्या जातीची होत. त्यांचा अर्थ इतकाच की, गाव येथे नाही; गावाकडे जाणारा रस्ता मात्र येथून निघतो. रेल्वेने स्वतःच्याच पाटीवर दिलेली ही कबुली म्हणावयाची!

वसई वसली ती खाडीच्या मुखाशी, कारण त्या काळी व्यापार गलबतांनी चाले. पोर्तुगीजांनी हे ठाणे इ. स. १५३४ मध्ये घेतले व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ते जिंकले. दोन्ही वेळी त्याचे मोल बंदर आणि किल्ला यांमुळेच होते. बी. बी. सी. आय. रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये गुजरातेतून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. आगगाडीला बंदराशी कर्तव्य नव्हते. तिला खाडी ओलांडावयाची होती. मुखाशी खाडी फार रुंद आहे. थोडे आत गेले म्हणजे मध्ये पाणजू बेट लागते व पाणी दोन प्रवाहांत विभागते. तेथेच पूल बांधून मार्ग पलीकडे नेला आहे. साहजिकच वसईचे स्टेशन किल्ल्यापासून सहा-सात किलोमीटर दूर पडले.

पुढे जे घडले ते विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. १८६७ च्या १२ एप्रिल रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनापर्यंत गाडी सुरू झाली. सकाळी एक गाडी जाई व सायंकाळी परत येई. पहाटेच्या लोकलमध्ये पाय टेकण्यापुरती जागा मिळविण्यासाठी ज्यांचे वडील आज झटतात, त्या मुलांना हे खरे वाटणार नाही. १९३६ मध्ये विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या. वसईची फुले, भाजी व केळी गलबत सोडून गाडीने मुंबईच्या बाजारी जाऊ लागली. मग माणसेही स्टेशनाच्या आश्रयास येऊन राहिली. स्टेशनाभोवतीच्या नवघर-माणिकपूर या गावांची स्वतंत्र नगरपरिषद झाली, आणि २००१ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या जुन्या वसईच्या दुपटीहून अधिक भरली. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ मध्ये तिची वस्ती बारा लाखांच्या वर होती. स्टेशन गावाकडे गेले नाही. गावच स्टेशनाकडे आले.

मात्र प्रत्येक स्टेशनाच्या वाट्यास असे भाग्य येतेच असे नाही. १८६७ च्या गाडीच्या मार्गावर वसई व भाईंदर यांच्या दरम्यान पांजे नावाचे स्टेशन होते. आज ते नाव गाड्यांच्या वेळापत्रकात शोधूनही सापडणार नाही.

आता विरारच्या पूर्व भागात आणखी एक स्टेशन व्हावयाचे आहे. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या बुलेट ट्रेनचा, पायाभरणी समारंभ १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाला. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावर बारा स्टेशने योजिली असून मुंबईनंतर ठाणे, विरार व बोईसर असा क्रम आहे. मुंबईचे स्टेशन तेवढे भूगर्भात, बाकीची उंच खांबांवर. विरारचे जुने स्टेशन असताना हा वेगळा खर्च कशासाठी, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे रास्त आहे. उत्तर रुळांत आहे. आपल्या जुन्या मार्गाचे दोन रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. नव्या मार्गाचे १४३५ मिलिमीटरवर. एकाची गाडी दुसऱ्यावर चालूच शकत नाही. शिवाय ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला तीव्र वळण सोसत नाही, म्हणून दाट वस्तीतून वाकडेतिकडे जाणे तिला अशक्य.

जपानातही हेच झाले. तेथील पहिली जलदगती रेल्वे १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली, तेव्हा योकोहामाच्या जुन्या स्टेशनापासून दूर, शेतांच्या मुलखात, नवे स्टेशन बांधावे लागले. त्याचे नाव शिन-योकोहामा. ‘शिन’ म्हणजे नवे. आमच्या ‘रोड’चाच हा जपानी भाऊबंद समजावा. पण जपानी लोकांनी एक गोष्ट विसरली नाही: ज्या दिवशी नवे स्टेशन उघडले, त्याच दिवशी तेथून जाणाऱ्या साध्या रेल्वेच्या गाड्याही तेथे थांबू लागल्या. तरीही भोवती शहर उभे राहण्यास पुष्कळ वर्षे लागली. शहरातील भुयारी रेल्वे तेथे पोहोचली ती १९८५ मध्ये.

आमच्या मते विरारच्या बाबतीत खरा प्रश्न येथेच आहे. नव्या स्टेशनाच्या नावात ‘रोड’ नाही, ते नुसते ‘विरार’ आहे. पण अर्नाळ्याच्या कोळ्याला किंवा आगाशीच्या बागायतदाराला तेथे जाण्यासाठी जुने स्टेशन व त्याच्या भोवतालची गर्दी ओलांडूनच जावे लागणार. रस्ता व बस यांची सोय आधी झाली नाही, तर गाडीत वाचलेली मिनिटे रस्त्यात खर्ची पडतील. दुसरी गोष्ट जमिनीची. पालघर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी व आदिवासींनी या मार्गासाठी जमीन देण्यास विरोध केला होता, आणि तो केवळ हट्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. वसई रोडभोवतीची शेते घरांखाली गेली, ती एका दिवसात नव्हे, दीडशे वर्षांत. विरारच्या पूर्वेस ते फार लवकर घडेल. तेथील विहिरी, ओढे व डोंगरउतार यांचे काय करावयाचे, हे घरे उठण्यापूर्वी ठरले तरच उपयोग.

विद्यार्थ्यांनी तालुक्याचा नकाशा घ्यावा. त्यावर किल्ला, वसई रोड, विरारचे जुने स्टेशन व नव्या स्टेशनाची जागा अशी चार ठिकाणे दाखवून, अर्नाळ्याच्या किनाऱ्यापासून प्रत्येकाचे रस्त्याने अंतर मोजावे, आणि आपापल्या घरून तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल ते वडीलधाऱ्यांस विचारून शेजारी लिहावे.