मराठी कळते, पण बोलत नाही!

प्रश्न : आम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये राहतो. पाच वर्षांच्या मुलाला मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीत देतो. शाळेत अरबीही आहे. तो गोंधळेल का?

उत्तर : नाही. भाषांची सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे. मात्र बोलायची गरजच पडली नाही, तर भाषा कानापुरती राहते. भाषा-अभ्यासक आनिक द हाऊवर यांच्या बेल्जियममधील पाहणीत (२००७) घरी समाजाहून वेगळी भाषा बोलली जाणारी सुमारे १,९०० कुटुंबे होती. त्यांतल्या साधारण चारांपैकी एका कुटुंबात मुले ती घरची भाषा बोलत नव्हती. आईवडील दोघेही घरी तीच बोलत, तिथे ती बहुधा टिकली. मुलगा ‘वॉटर’ म्हणाला, तर रागावू नका, ‘पाणी हवंय? थंड की साधं?’ असे विचारा. आजी-आजोबांशी रोज बोलू द्या. आणि तुम्ही दोघे घरात मराठीच बोला.