आंत्रवृद्धीचे शस्त्रकर्म आणि घरचे पश्चात्कर्म

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे त्रिविध कर्म सांगितले आहे. आंत्रवृद्धीचे, म्हणजेच हर्नियाचे, प्रधानकर्म आज शल्यचिकित्सक बहुधा जाळी बसवून करतात आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततो. त्यामुळे पश्चात्कर्माचा मोठा भाग घरीच घडतो व शंका प्रथम येते ती आपणाकडे किंवा औषध विक्रेत्याकडे.

काही वर्षांपूर्वी पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी जांघेतील हर्नियाच्या शस्त्रकर्मानंतर सहाव्या दिवशी माझ्याकडे आले. ‘तीन महिने हलू नका’ असे आप्तांनी बजावल्याने ते अंथरुणाला खिळलेले. चार दिवस मलप्रवृत्ती नाही. जखमेजवळ सूज दिसली म्हणून मिठाच्या पुरचुंडीने शेक दिला गेला. शस्त्रकर्मानंतर तेथील त्वचा बधिर असू शकते. चटका कळला नाही व फोड उठले. शेकाचा सल्ला आपल्याच एका व्यवसायबंधूंचा होता. मीही तो दिला असता, हे मान्य करतो. त्यानंतर पुढील नियम मी पाळतो.

विहार : पहिल्या दिवसापासून घरात चालावे. अंथरुणातून कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे. जांघेच्या हर्नियानंतर वेदना सोसेल तसे नित्य व्यवहार सुरू करावेत, असे 2018 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही सांगितले आहे. जड ओझ्याची कामे व उदरभित्तीचा मोठा हर्निया यांबाबत शल्यचिकित्सकांचा शब्द अंतिम मानावा.

मलावरोध : कुंथणे टाळणे हे मुख्य सूत्र होय. काही वेदनाशामकांनीही विबंध होतो. लघु, स्निग्ध, उष्ण आहार, पुरेसे पाणी, रात्री त्रिफळा किंवा भरपूर पाण्यासह इसबगोल पुरेसे होते. जयपालयुक्त तीव्र विरेचन देऊ नये.

कास : खोकताना जखमेवर तळहाताने हलका दाब द्यावा. जुन्या कासाची चिकित्सा त्वरित करावी. धूम्रपान बंद करावे.

सूज : जखमेजवळ द्रव साचून मऊ सूज येऊ शकते, ती बहुधा काही आठवड्यांत जिरते. शेक, मर्दन, लेप वा सुईने द्रव काढणे कटाक्षाने टाळावे.

मूत्र अडणे, ज्वर, पूयस्राव, वाढती लाली, वृषणात तीव्र वेदना, पोटऱ्यांवर सूज, श्वास लागणे, अथवा वमनासह पोट फुगणे व वायू न सरणे, यांपैकी काहीही आढळल्यास औषधयोजना न करता रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकांकडे पाठवावे.

औषध विक्रेते बंधूंना विनंती, की जुन्या चिठ्ठीवर वेदनाशामक पुन्हा देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास गुग्गुळकल्पही विचारल्याविना देऊ नयेत.

वरील रुग्णाचे फोड पंधरा दिवसांत भरून आले. जाळीला बाधा झाली नाही. पश्चात्कर्मात काय द्यावे याइतकेच काय देऊ नये, हे जाणणे हीदेखील चिकित्साच होय.