ऑनलाइन लिलाव : मंदीच्या महिन्यांत माल कसा विकावा?

कापडाच्या धंद्यात तेजी-मंदी नवी नाही. लग्नसराई सरली, ईद झाली की पेठ थंडावते, हे आपल्या वाडवडिलांनाही ठाऊक होते. पण आता आपल्यापैकी काही बांधव हिमरू शाली, हातछपाईच्या चादरी, गोधड्या ईबेसारख्या लिलावाच्या बाजारात थेट परदेशी गिऱ्हाइकाला विकतात. तिथल्या मंदीचे महिने वेगळे आणि तिचा फटका बसण्याची रीतही वेगळी. ती समजून घेतली नाही तर विणकराची मजुरीसुद्धा सुटत नाही. म्हणून काही गोष्टी क्रमाने मांडत आहोत.

मंदी केव्हा येते?

अमेरिका आणि युरोपात जुलै-ऑगस्ट हे सुट्ट्यांचे महिने. ऐन उन्हाळ्यात शाल कोण घेणार? ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत खरेदीला जोर असतो. जानेवारीत गिऱ्हाइकाचा हात आखडतो आणि परत येणारा मालही वाढतो. हे महिने ठरलेले आहेत. आपली ईद मात्र दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. २०१७ साली ईदुल फित्र जूनअखेर होती, २०२५ साली मार्चअखेर आली. म्हणजे सध्या ईदच्या मालाची तयारी हिवाळ्यातच करावी लागते आणि परदेशातील नाताळानंतरची मंदी देशी बाजार भरून काढतो. जुलै-ऑगस्टला तसा आधार नाही. खरी काळजी तेव्हाची आहे.

लिलावात मंदी जास्त का बोचते?

दुकानात गिऱ्हाईक कमी आले तर माल कमी खपतो, पण भाव आपल्या हातात राहतो. लिलावात भावच कोसळतो. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम सांगतो. अखेरचा भाव मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर ठरतो. समजा, १० डॉलरपासून शाल लिलावाला ठेवली. एक गिऱ्हाईक ६० डॉलर द्यायला तयार, दुसरे ४०. शाल ४१ डॉलरला जाते. मंदीत दुसरे गिऱ्हाईक आलेच नाही, तर ६० द्यायला तयार असलेला माणूस तीच शाल १० डॉलरला घेऊन जातो. माल तोच, गिऱ्हाईकही तेच, केवळ स्पर्धा नाही.

उपाय

१) सूत, रेशीम, मजुरी, पॅकिंग, टपाल आणि बाजाराचे कमिशन यांची बेरीज करा. मंदीत सुरुवातीची बोली या बेरजेखाली ठेवू नका. चांगला नग असेल तर लिलाव टाळून ठरीव किमतीला लावा.

२) एकाच नमुन्याच्या दहा शाली एकदम लावू नका. अशाने मोजके गिऱ्हाईक दहा ठिकाणी विभागले जाते. एक संपली की दुसरी लावा.

३) आपण जुलैत ज्या मंदीला तोंड देतो, तेव्हा ऑस्ट्रेलियात हिवाळा असतो. गरम कापड त्या महिन्यांत तिकडच्या गिऱ्हाइकासाठी लावा.

४) लिलाव तिथे लोक घरी असतील अशा वेळी संपवा. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रविवारी रात्रीचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळचे साडेसहा झालेले असतात.

५) अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. जकात कोण भरणार हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगा आणि माल पाठवण्यापूर्वी चालू नियम टपाल किंवा कुरियर कचेरीत विचारून घ्या.

६) माग बंद ठेवू नका. बसलेला विणकर दुसऱ्या कामाला लागला की सहसा परत येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या नफ्यातून मंदीची मजुरी बाजूला काढून ठेवा, म्हणजे व्याजाच्या दारात जावे लागणार नाही. याच दिवसांत ऑक्टोबरचा माल विणून घ्या, नवे फोटो काढा, मापे नीट लिहा.

खोट्या बोलीपासून सावध

मंदीत एक मोह होतो. भावाला किंवा मित्राला सांगून आपल्याच मालावर बोली चढवायची. ईबेच्या नियमात याला मनाई आहे आणि खाते बंद होऊ शकते. पण आपल्यासाठी गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लिलाव आपल्या शरीअतमध्ये जायज आहे. प्रेषित (स.) यांनी एका गरजू अन्सारी सहाबींचे जाडेभरडे कापड आणि प्याला लिलाव करून विकला. एकाने एक दिरहम सांगितला, तेव्हा कोणी अधिक देतो का, असे त्यांनी विचारले आणि दोन दिरहमला सौदा झाला. परंतु घेण्याचा इरादा नसताना नुसता भाव चढवण्याला ‘नजश’ म्हणतात आणि त्याची हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. उघडपणे जास्त किंमत सांगणे हा विक्रेत्याचा हक्क आहे, खोटे गिऱ्हाईक उभे करणे हा धोका आहे.

मंदी पुढच्या वर्षीही त्याच महिन्यांत येईल. म्हणून गेल्या बारा महिन्यांची विक्री महिनावार एका कागदावर मांडा आणि कोणत्या महिन्यात कोणता माल कोणत्या देशात गेला ते पाहा. तयारी आपण करायची, बरकत देणारा अल्लाह आहे.