पट्टे सारखे, साप वेगळे



मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात भिंतीवर पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. काका काठी घेऊन धावले. आजी ओरडली, "अरे, मण्यार आहे, लांब व्हा!" तेवढ्यात साप कौलांत शिरला.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "तो कवड्या असेल. तो भिंतीवर चांगला चढतो, पाली खातो." मग त्यांनी फळ्यावर दोन्ही साप काढून दाखवले. दिसायला अगदी सारखे! पण मण्यार अतिशय विषारी आणि कवड्या बिनविषारी.

फरक असा :

१. रंग – मण्यार काळी, चकचकीत. कवड्या तपकिरी.
२. सुरुवात – कवड्याचे पट्टे मानेपासूनच असतात. मण्यारीचे बहुधा डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात.
३. शेवट – कवड्याचे पट्टे शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे शेपटीकडे ठळक होतात आणि बऱ्याचदा जोडीजोडीने असतात.

मी म्हणालो, "गुरुजी, आता मी साप ओळखीन." गुरुजी हसले. "रात्री बॅटरी धरून पट्टे बघत बसशील काय? काही मण्यारींचे पट्टे फिके असतात. शंका आली की मण्यारच समजायचे आणि लांब राहायचे. मारायलाही जायचे नाही."

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. माणसाला वाटते, मुंगी चावली. नंतर पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलता येत नाही, श्वास अडतो.

अशा वेळी भगताकडे वेळ घालवू नये. जखम कापू नये, दोरी आवळून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला हात-पाय हलू देऊ नये. १०८ ला फोन करून लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर तिथे एकच औषध देतात. म्हणून साप पकडून नेण्याची गरज नाही.

आता आम्ही खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपतो. आई-बाबांनो, तुम्हीही तसेच करा.

सांगा पाहू : मानेपासून पट्टे कोणाचे?