नवी बॅटरी बसविणें व ती जखडणें

ट्रॅक्टरची बॅटरी विकत घेण्यापूर्वीं आमचे शेतकरी बंधु चार दुकानें हिंडतात, भाव पाडून मागतात, हमीचा कागद जपून ठेवितात. पण ती घरीं आणल्यावर ज्या रीतीनें ट्रॅक्टरांत ठेवितात ती पाहिली, म्हणजे हाच तो चौकस गृहस्थ काय, असा संशय येतो. जुन्या ट्यूबची पट्टी, सुतळी, तार, नाहीं तर कडेला ठोकलेली लांकडाची ढलपी, एवढ्यावर २० ते २५ किलोंचें ओझें सोंपविलेलें असतें. हा दोष आम्ही केवळ दुसऱ्याचे पदरीं घालीत नाहीं. आमचे हातूनही तो घडला आहे, व त्याची हकीकत प्रथम सांगतों.

सन २०२१ च्या मृगांत, पेरणी ऐन भरांत असतां, आमचे ट्रॅक्टरची बॅटरी निकामी झाली. तालुक्याचे गांवीं मापाची मिळेना, सबब किंचित् आंखूड घेतली. पकडपट्टी पोंचत नाहीं असें पाहून बसविणाऱ्यानें ट्यूबच्या पट्टीनें ती बांधिली व "चालेल" म्हणाला; आम्हीही मान डोलाविली. पंचवीस वर्षें दुसऱ्यांच्या हद्दी कागदावर तपासण्यांत घालविलेल्या माणसानें घरची बॅटरी आपली हद्द सोडील, हें पाहिलें नाहीं! आठव्या दिवशीं बांध ओलांडतांना ती सरकून कलली, तिचें धन टर्मिनल बॉनेटच्या पत्र्यास भिडलें, आणि पाहतां पाहतां जाड तारेवरील वेष्टन वितळून धूर निघूं लागला. चिरंजीव ट्रॅक्टरवर होते. त्यांनीं उडी टाकिली, पण हात भाजलाच. शेजारच्या गड्यानें कुदळीच्या लांकडी दांड्यानें बॅटरी पत्र्यापासून लोटली म्हणून यंत्र वांचलें. पेरणीचा वापसा मात्र गेला तो गेलाच.

फ्यूज कां उडाला नाहीं, असें वाचक विचारतील. आम्हीही विचारलें. उत्तर असें कीं, बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड तारेंत बहुधा फ्यूज नसतोच, कारण इंजिन फिरवितांना शेंकडों अँपिअर प्रवाह त्या वाटेनें जावा लागतो. तीच वाट पत्र्यानें मध्येंच आंखूड केली, कीं तो सर्व प्रवाह उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो.

आग न लागली तरी सैल बॅटरी फार दिवस जगत नाहीं. आंत शिशाच्या जाळ्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप दाबून बसविलेला असतो. ट्रॅक्टरचे मागील आंसाखालीं मोटारीसारख्या स्प्रिंगा नसतात. त्यांत रोटाव्हेटरची थरथर. बॅटरी टोपणांतल्या गोटीसारखी हालत राहिली म्हणजे लेप सुटून तळाशीं गाळ जमतो, आणि तो गाळ पट्ट्यांना मिळाला कीं ते घर मेलें. १२ व्होल्टच्या बॅटरींत अशीं सहा घरें असतात. एक मेलें तरी इंजिन फिरणें कठीण.

म्हणून दुकानीं जातांना जुनी बॅटरीच बरोबर न्यावी. लांबी, रुंदी व उंची तींवरून ताडून पाहावी, आणि धन टर्मिनल उजवीकडे कीं डावीकडे हेंही पाहावें. बाजू उलट असल्यास तार ताणावी लागते व ती ताणलेली तार पुढें सुटते. गोल खुंट्यांपैकीं धन खुंटी जाड असते. माथ्याशीं ती सुमारें १७.५ मिलिमीटर व ऋण खुंटी १५.९ मिलिमीटर भरते. सबब तारेचा पकडा बसत नाहीं म्हणून हातोडीनें ठोकूं नये; आधीं चूक आपली आहे काय तें पाहावें. ठोकल्यानें खुंटीचा आंतील सांधा ढिला होतो, हा दुसरा तोटा.

जुनी काढतांना ऋण तार प्रथम सोडावी. धन तार आधीं सोडूं गेल्यास पाना चेसिसला लागून ठिणगी उडते. आणि बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु हवेंत शेंकडा चार भाग झाला तरी पेट घेतो. बॅटरी निघाल्यावर तळाचा खण पाहावा. तेथें आम्लानें पत्रा खाल्लेला असतो. खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून ओतावा, फेस थांबेपर्यंत घासावा, धुवून वाळवावा व रंग द्यावा. खण कुजला असल्यास लोहाराकडून नवा करून घ्यावा; चार पैशांची कंजुषी येथें नको. लांकडाच्या ढलप्या व सुतळी आम्लानें करपतात, आणि उघडी तार तर वरून जाऊन दोन्ही टर्मिनलें जोडावयास टपलेलीच असते.

बॅटरी खणांत सपाट बसवून आधीं जखडावी, तारा मागाहून. आंकड्याचे दोन लांब बोल्ट खणाच्या भोकांत अडकवून वर पट्टी ठेवावी, आणि दोन्ही नट आळीपाळीनें थोडेथोडे आंवळावे. एक बाजू एकदम आंवळल्यास पेटी तिरकी दाबली जाते. अति जोर केल्यास प्लास्टिकची पेटी फुगते वा तडकते व गंधकाम्ल गळूं लागतें. दोन्ही हातांनीं बॅटरी हालवून पाहावी. ती हालतांना ट्रॅक्टर हालला पाहिजे, एकटी बॅटरी नव्हे. मग धन तार, शेवटीं ऋण तार, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, आणि धन टर्मिनलावर रबराची टोपी. ही टोपी पुष्कळ जण पहिल्याच दिवशीं फेंकून देतात. आमचे घरीं ती असती तर वरील हकीकत लिहावी लागली नसती. पहिले दहा तास काम झाल्यावर नट पुनः तपासावे, ते थोडे ढिले झालेले आढळतात.

राहिली जुनी बॅटरी. सन २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें ती गोळा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे व दुकानदार मोबदलाही देतो, तरी कित्येक ती गोठ्याच्या भिंतीशीं टाकून ठेवितात. जनावरें, विशेषतः वासरें, फुटकी बॅटरी चाटतात व शिशाच्या विषानें आंधळीं होऊन मरतात. ती ज्या दिवशीं काढली त्याच दिवशीं दुकानीं पोंचवावी.