आधी पटकथा की आधी चित्रं?

प्रश्न : सात-आठ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतो आहे. पटकथा पूर्ण झाल्याशिवाय स्टोरीबोर्ड काढू नये, असं मित्र म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : नियम म्हणून खरं नाही. १९३०च्या सुमारास डिस्नेच्या स्टुडिओत वेब स्मिथ यांनी सुटी चित्रं टाचण्यांनी फळ्यावर लावायला सुरुवात केली, असं मानलं जातं. स्टोरीबोर्ड तो हाच. तिथल्या लघुपटांची गोष्ट फळ्यावरच घडायची. विनोद पडला की चित्र काढून फेकायचं, दुसरं लावायचं.

जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांची रीत निराळी. स्टोरीबोर्ड ते स्वतः काढतात. त्यातच संवाद, हालचाल आणि शॉटची लांबी सेकंदांत लिहिलेली असते. वेगळी पटकथा नसते. शेवट ठरण्याआधीच ॲनिमेशन सुरू होतं. हे धाडस त्यांनाच शोभतं, आपण करू नये!

पिक्सार स्टुडिओत स्टोरीबोर्डला तात्पुरते आवाज नि संगीत जोडून रीळ बनवतात, पाहतात, मोडतात, पुन्हा बनवतात. ‘टॉय स्टोरी’चं असं रीळ १९९३च्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेच्या लोकांना दाखवलं, तेव्हा त्याचा नायक वुडी इतका खाष्ट वाटला की काम थांबवून कथा नव्याने बांधावी लागली. ॲनिमेशनवर खर्च होण्याआधी दोष कळणं, हाच यातला फायदा.

तुम्ही एक पानभर कथासार लिहा आणि थेट चित्रांना लागा. चिकट चिठ्ठ्या वापरा, रेषा ओबडधोबड चालतील. मग मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रीळ करा आणि कथा ठाऊक नसलेल्या कुणाला तरी दाखवा.